उतरायची बंदरं

१. प्रवाशांची नावं

हा रकाना सोपा होता. सुजीतने टेबलावरचं प्लास्टिक पुसलं, बदरुद्दीनच्या ट्रॅव्हल एजन्सीचा फॉर्म पसरला आणि लिहायला घेतलं. अण्णा. आई. दादा, अनुपमा वहिनी, तन्मय. मग स्वतःचं नाव, शुभ्राचं, ईश्वरीचं. आठ. बायको आणि मुलगी मिसिसागात बर्फात होत्या. तो ऑफिसच्या कामाला जोडून आठवडाभर दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला आई-वडिलांकडे आला होता, आणि रविवारी परत जायच्या आत हे एक काम उरकायचं त्याने ठरवलं होतं.

शुक्रवार, वीस फेब्रुवारी, दोन हजार चार. डिसेंबरात आई-अण्णांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती, म्हणून दोन्ही मुलांकडून कॅरिबियन क्रूझ. माणशी सहा हजार दिरहम, म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजार रुपये, हे अण्णा सकाळपासून दोनदा मोठ्याने म्हणाले होते. बदरुद्दीनने तीन बोटींवर केबिन धरून ठेवल्या होत्या, पाच वाजेपर्यंत. पाचनंतर दोन सुटणार.

आत्ता पावणेतीन.

"वेस्टर्न," सुजीत म्हणाला. "मियामीहून निघायचं, सात दिवस. जमैका, ग्रँड केमन, कोझुमेल. खलास. दादा पण ओके आहे."

"मी ओके आहे," थोरला राजन म्हणाला. शेरी माशाची आमटी तो तिसऱ्यांदा घेत होता.

"मला ईस्टर्न बरा वाटत होता," अनुपमा म्हणाली. "तो पण सातच दिवस. बीचेस चांगले आहेत, आणि सेंट थॉमसला..."

"शॉपिंग. वहिनी, तू दुबईत राहतेस."

"म्हणूनच मला कळतं."

"आणि हा तिसरा कुठला?" अण्णासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ब्रोशर लांब धरलं.

"सदर्न. तो सोडा, अण्णा. अकरा दिवस, सान हुआनहून निघतो, जुनी बोट. सहा बंदरं." सुजीतने पेन उघडलं. "आईची दुसरी क्रूझ आहे ही. पहिलीपेक्षा बरी व्हायला पाहिजे."

सगळे हसले. या घरात या गोष्टीला चौतीस वर्षं हसत आले होते. घरी पाहुणा आला की अण्णासाहेब ती सांगत: एकोणीसशे सत्तर साली त्यांनी कुमुदला आणि तीन वर्षांच्या राजनला बोटीने दुबईला बोलावलं. तेव्हा बोट बाहेर समुद्रात थांबायची आणि किनाऱ्यावरच्या माणसाने हमीचा कागद घेऊन लाँचमधून जायचं, मग प्रवासी उतरवायचे. अण्णासाहेब कामासाठी अबुधाबीत अडकले, कागद पोचला नाही, कप्तानाने नांगर उचलला. दोहा, बहारीन, कुवेत, बसरा, आणि परत. बाराव्या दिवशी बाईसाहेब दुबईला उतरल्या. "सगळं आखात बघून आली, एका तिकिटात," इथे अण्णासाहेब थांबायचे आणि पाहुणा हसायचा.

कुमुद माशाचे काटे काढून तुकडे तन्मयच्या ताटात ठेवत होती. ती हसली नाही, हे एकट्या अनुपमाने पाहिलं.

"सुजीत," कुमुद म्हणाली, "उतरायचं कुठं कुठं?"

"तीन पोर्ट. सांगितलं ना."

"बोटीचं नाही विचारत. मी कुठं उतरणार? बदरुद्दीनला विचारलंस?"

२. पासपोर्ट: देश, क्रमांक

नव्हतं विचारलं. सुजीत, शुभ्रा आणि ईश्वरी दीड वर्षापूर्वी कॅनडाचे नागरिक झाले होते, आणि तेव्हापासून हा प्रश्न त्याला पडायचाच बंद झाला होता. घरातले बाकी पाच भारतीय. दोन्ही पासपोर्ट निळेच. अण्णासाहेबांच्या कपाटातल्या डब्यात एकावर एक ठेवले की लांबून कळतही नसत.

फोन स्पीकरवर टाकला. बदरुद्दीन जेवत होता.

"भाभी, साफ बोलूँ? सुजीतभाई की फॅमिली कहीं भी उतरेगी. आप लोग वेस्टर्न में एक जगह पक्का उतरोगे. बाकी दो जगह अलग वीज़ा माँग सकते हैं. उस दिन का ऑफिसर क्या बोलता है, मैं यहाँ बैठके नहीं बता सकता."

"वीज़ा कहाँ मिलेगा?" राजनने विचारलं.

"एक का शायद रियाध में. पासपोर्ट भेजना पड़ेगा, महीना पकड़ो."

"माझा पासपोर्ट महिनाभर नाही जाऊ शकत," राजन हळू म्हणाला. "मला दर पंधरा दिवसांनी मस्कत असतं."

"ईस्टर्न?" अनुपमाने फोनकडे वाकून विचारलं.

"ईस्टर्न में आपका अमेरिका का वीज़ा चल जाएगा. एक पोर्ट का डाउट है."

"और साउथ वाला?" हे कुमुदने विचारलं.

बदरुद्दीनने पाणी प्यायलेलं सगळ्यांना ऐकू आलं. "साउथ में भाभी, मैं आपको सब जगह उतारूँगा. कहीं वीज़ा लगता ही नहीं, कहीं लगता है तो उनकी एम्बसी अबुधाबी में है, मैं खुद लाइन में खड़ा रहूँगा. पर वो लंबा है. और जहाज थोड़ा पुराना है."

"शुक्रिया. जेवा तुम्ही," कुमुद मराठीवर येत म्हणाली, आणि फोन तिनेच बंद केला.

"ठीक आहे, मग प्रॉब्लेम काय आहे?" सुजीतला खरोखरच दिसत नव्हता. "दोन दिवस तुम्ही बोटीवर थांबा. वर अकरा डेक आहेत, आई. थिएटर आहे, स्पा आहे. उलट शांत असतं, सगळे बाहेर गेलेले असतात. ईश्वरीला दुपारची झोप लागतेच, तिला पण तुमच्याकडे ठेवू. आम्ही चार तासांत परत."

"आणि मी कठड्यापाशी उभी राहून तुम्हाला हात करू?"

"म्हणजे, हवं तर कर."

"मी बोटीवर बसणार नाही, सुजीत."

५. पसंतीचा मार्ग (एकावर खूण करा)

तीन आणि चार रकाने सुजीतने नंतरसाठी सोडले.

अनुपमाला हा आवाज ओळखीचा होता. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातून, म्हणजे इंडस्ट्रियल एरियातल्या त्या पत्र्याच्या शेडमधून, मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पांना रोज पोळ्या जात. पिठाची पोती उतरवताना कुमुद एका पोत्यात हात घालायची, मूठभर पीठ बोटांत चोळायची आणि ट्रकवाल्याला याच आवाजात म्हणायची, "वापस." ट्रकवाला बडबडत राहायचा, हबीबी, मॅडम, अल्ला का वास्ता. ती तोवर दुसऱ्या कामाला लागलेली असायची.

अनुपमाने तरी प्रयत्न केला. "आई, मधला मार्ग काढू. ईस्टर्न. एकाच पोर्टचा डाउट आहे. एक दिवस फक्त."

"एकही नाही."

"पण त्या दिवशी मी पण थांबेन ना तुमच्याबरोबर. माझाही इंडियनच आहे."

"तू का थांबशील? तू पण उतर." कुमुदने ताटं एकात एक घातली. "मी तुमच्यावर रागावले नाहीये, अनुपमा. मी मार्ग निवडतेय. मला सांगितलं होतं, आई, तू निवड. मग मी तिसरा निवडला."

"आई, ऐक." सुजीतने पेन खाली ठेवलं. "मला वर्षाला सुट्टी किती आहे माहितीये? दहा दिवस. टेन. अकरा दिवसांची बोट, वर दोन दिवस विमानं. मला जमणारच नाही. म्हणजे तू सदर्न म्हणालीस की आम्ही तिघं कट. चालेल तुला?"

"नाही चालणार."

"मग?"

"नाही चालणार म्हटलं ना. ईश्वरीला मी दोन वर्षांत पाहिलेलं नाही. पण मी बसणार नाही."

"हे काय लॉजिक आहे? अण्णा, तुम्ही सांगा काहीतरी."

अण्णासाहेब काडीने दात कोरत होते. "मला बोटीवर बसायला काही हरकत नाही," ते म्हणाले. "बसलेलं बरंच. उन्हात कोण हिंडेल."

"तुम्हाला हरकत नसणारच," कुमुद म्हणाली.

तन्मयने गेम बॉयवरून डोकं वर केलं. अकरा वर्षांचा, आजीच्या मराठीला कायम इंग्रजीत उत्तर देणारा. "आजी, व्हाय डू यू इव्हन केअर? द शिप इज द होल पॉइंट. इट हॅज अ रॉक क्लाइंबिंग वॉल."

"बाबाला विचार," कुमुद म्हणाली. "तो होता माझ्याबरोबर."

४. यापूर्वी समुद्रप्रवास केला आहे का? असल्यास तपशील

राजनला आठवत नाही, असंच तो नेहमी सांगत आला. तीन वर्षांच्या मुलाला काय आठवणार.

दोहा. आई पत्र्याची ट्रंक उघडते. पोपटी साडी काढते. दोन बायका चादर धरतात, तिच्याआड नेसते. राजनचे केस पाण्याने बसवते. कठडा. लाँच येतात, माणसं उतरतात. लाँच जातात. पोपटी साडी घडी करून ट्रंकेत.

बहारीन. ट्रंक. पोपटी साडी. केस. कठडा. लाँच. ट्रंक.

कुवेत. ट्रंक. पोपटी साडी. यावेळी चादर धरायला कोणी नाही, त्या दोघी उतरून गेल्या. आई भिंतीकडे तोंड करून नेसते. राजनला पदराने ट्रंकेच्या कडीला बांधून ठेवते.

बसरा. साडी नाही.

बसऱ्याला ट्रंक उघडलीच नाही. इथपर्यंत त्याला स्पष्ट आठवतं. इथून पुढे काही नाही, फक्त कांद्याचा वास.

"बाबा?" तन्मयने विचारलं. "व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. बोट होती एक." राजनने हात पुसले, खूप वेळ पुसले. "सुजीत, माझं सदर्न लिही."

"दादा! सकाळी गाडीत तू वेस्टर्न म्हणालास."

"म्हणालो."

"तुला मी माझ्या बाजूने धरलं होतं."

"माहितीये. तुला बिनपगारी रजा मिळते का बघ. नाही मिळाली तर आम्ही पाच जण जाऊ आणि तिथून टोरंटोला तुझ्याकडे येऊ. पण आईला मी वर ठेवून उतरणार नाही."

सुजीत उठून खिडकीपाशी गेला. बाहेर समुद्राकाठच्या कॉर्निशवर एक अरब कुटुंब चटई टाकून बसलं होतं, मुलं पाण्यात दगड मारत होती. तो याच गावात जन्मला होता आणि त्या बोटीवर नव्हता. घरातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट तो जन्मायच्या आधी घडून गेलेली, असं त्याला लहानपणापासून वाटायचं. मोठेपणी तो कॅनडाला गेला, त्यात याचाही थोडा हात होता.

"एक गंमत म्हणून सांगत होतो आपण ती गोष्ट," तो काचेकडे बघत म्हणाला. "तू कधी बोलली नाहीस, आई."

"तुम्ही छान हसायचात."

"एक मिनिट," अनुपमा म्हणाली. ती या घरात तेरा वर्षं सून होती. ही गोष्ट तिने वीसेक वेळा ऐकली होती आणि दर वेळी एका जागी ती अडखळली होती. "अण्णा, तुम्ही अबुधाबीत नक्की कुठं अडकलात? तेव्हा तर कंपनीचं अबुधाबीतलं काम सुरूच झालं नव्हतं ना? बहात्तरला सुरू झालं. मागच्या वर्षी तुमची मुलाखत मीच टाइप केलीय, महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी."

अण्णासाहेबांनी काडी बशीत ठेवली.

३. मुक्कामाचा पत्ता

पत्ता नव्हता. तिथेच तर सगळं अडलं होतं.

सत्तर साली दुबईच्या देऱ्यात एका खोलीत अण्णासाहेब धरून आठ पुरुष राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. मैमुनाबीने, रत्नागिरीकडच्या त्या घरमालकिणीने, वरची खोली द्यायचं कबूल केलं होतं. तिथला भाडेकरू महिनाअखेरीला जाणार होता. गेला नाही. बोट मात्र ठरल्या दिवशी आली. खाडीच्या तोंडाशी अण्णासाहेब उभे, वय बत्तीस, हमीचा कागद शर्टाच्या आत घामाने ओला. लाँचवाला दोनदा ओरडला, "यल्ला, आना है तो आओ." बायको आणि मूल उतरवून न्यायचं कुठे? आठ पुरुषांच्या खोलीत?

"मी अबुधाबीत नव्हतो," अण्णासाहेब म्हणाले. टेबलाकडे बघून म्हणाले. "खाडीवर होतो. बोट दिसत होती."

तन्मयने गेम बॉयचा आवाज बंद केला.

"खोली रिकामी झाली नव्हती. मी हिशेब केला, बोट वर बसऱ्यापर्यंत जाते आणि परत याच वाटेने येते. दहा-बारा दिवस. तेवढ्यात भाडेकरू निघेल. तोवर तुम्ही बोटीवर, डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण. मला तेच बरं वाटलं." त्यांनी कुमुदकडे पाहिलं. "बोट परत येणार हे मला ठाऊक होतं, कुमुद."

"मला नव्हतं ठाऊक," कुमुद म्हणाली.

एवढंच. ताटं उचलून ती आत गेली, नळ सुरू झाला, बंद झाला. परत आली तेव्हा हात ओले होते, आणि ती बसली नाही.

"बसऱ्याला मी भंडाऱ्याकडे कामाला लागले. बोटीवरचा स्वयंपाकी. त्याला म्हटलं, मी कांदे सोलते, पीठ मळते, माझ्या मुलाला रोज दूध दे. मला वाटलं, आता हेच. तुम्ही मेलात किंवा सोडून दिलंत, दोन्हीतलं काय ते कळायला मार्ग नव्हता. बोट परत वळली हेही मला दुसऱ्या दिवशी सूर्य कुठून उगवला ते बघून कळलं."

"मी सांगणार होतो तुला."

"मैमुनाबीनं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात. म्हणाली, तुझा नवरा किती चांगला, बोट आली त्या दिवशी खाडीवर जाऊन नुसता उभा होता, रडत होता."

अण्णासाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उघडा पडल्यासारखा झाला. "म्हणजे तुला तेव्हापासून..."

"तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस? चौतीस वर्षं मी सगळ्यांना..."

"बोलून काय करायचं होतं? खोली मिळाली होती. हा तापाने फणफणला होता. मग सुजीत झाला. मग पोळ्या सुरू झाल्या." तिने पदराला हात पुसले. "आणि तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत, हे मला तेव्हाही कळलं. पण अहो, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही चांगले होतात, आणि मी बोटीवर होते."

सुजीत खिडकीपाशीच होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, सॉरी सोडून दुसरं, आणि मराठीत त्याला ते चटकन सापडेना. तो टेबलापाशी आला, खुर्ची ओढून आईच्या मागे ठेवली.

"तेरा दिवस लागतील," तो म्हणाला. "तीन दिवस बिनपगारी मागतो. माझा मॅनेजर खडूस आहे. नाही दिली तर शुभ्रा आणि ईश्वरी तरी येतील. शुभ्राला मी सांगतो."

"तिला विचार. सांगू नकोस."

"विचारतो."

"शी विल से यस," तन्मय म्हणाला. "शुभ्रा काकी हेट्स स्नो." आणि मग, जरा थांबून, "बट आजी, नो रॉक वॉल?"

"नाही."

"ओके. व्हॉटेवर."

फक्त कार्यालयीन वापरासाठी

४.१० वा. बदरुद्दीन यांस दूरध्वनी. दक्षिण मार्ग, आठ प्रवासी, पैकी एक अनिश्चित. पश्चिम व पूर्व रद्द. प्रवासी क्र. २ यांनी सर्व सहा बंदरांची नावं फोनवर लिहून घेतली. दोनदा वाचून दाखवायला लावली. प्रत्येकापुढे "उतरणे: होय" असं लेखी हवं असल्याचं कळवलं. एजंटने तसं कोणी कधी मागितलं नसल्याचं सांगितलं. प्रवासी क्र. २: "अब माँगा है ना."

सही

मुलं गेली. राजनची गाडी दुबईच्या रस्त्याला लागली, सुजीत त्यांच्याबरोबर एक रात्र राहायला गेला. अनुपमाने निघताना सासूबाईंचा हात जरा जास्त वेळ धरला, आणि सासऱ्यांना नमस्कार करायला विसरली. किंवा विसरली नाही.

फॉर्म टेबलावरच होता. सह्या दोघांच्या राहिल्या होत्या.

अण्णासाहेबांनी पेन हातात घेतलं आणि तसेच बसून राहिले.

"मी यावं असं वाटतं का तुला?" त्यांनी विचारलं.

कुमुद ब्रोशरमधली बंदरं एकेक करून बघत होती. बार्बाडोसचा धक्का चांगला रुंद दिसत होता. लोक टोप्या घालून शिडीवरून खाली येत होते.

"या ना," ती म्हणाली. "पण एक ठरवून घेऊ. प्रत्येक बंदरात तुम्ही आधी उतरायचं. पोरांच्याही आधी. आणि खाली धक्क्यावर उभं राहायचं, मला दिसेल असं. मी सावकाश येईन. माझं आवरून, केस विंचरून येईन. मी खाली पोचेपर्यंत जागेवरून हलायचं नाही."

"सहाही बंदरांत?"

"सहाही."

अण्णासाहेबांनी कागद जवळ ओढला. "तिकडे ऊन फार असतं म्हणतात."

"असणारच," कुमुद म्हणाली, आणि सहीची जागा बोटाने दाखवली.